घरगुती चित्रफीत डीव्हीडीवर उतरविताना

१९९० च्या दशकात व्हीएचएस फितीवर घेतलेली लग्ने, मुंजी आणि शाळांची स्नेहसंमेलने आजही अनेक घरांच्या व शाळांच्या कपाटांत पडून आहेत. फितीवरील चुंबकीय लेप काळाने क्षीण होत जातो. ती दाखविणारे यंत्रही दुर्मिळ होत चालले आहे. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ साली त्याचे उत्पादन थांबविले. अशी चित्रे डीव्हीडीवर उतरविण्याचे काम गावात पुष्कळदा शिक्षकाकडेच येते. तबकडीवर मजकूर कोरणे हे यंत्राचे काम होय. त्यापूर्वी चित्राला सांकेतिक रूप द्यावे लागते, ज्यास एन्कोडिंग म्हणतात, तेथे मात्र माणसाला विचार करावा लागतो. आणि चित्र बिघडते ते बहुधा याच पायरीवर.

आपल्याकडील दूरदर्शनच्या पाल पद्धतीत डीव्हीडीचे प्रत्येक चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे असते व सेकंदाला अशी २५ चित्रे लागतात. ती जशीच्या तशी साठवावयाची म्हटल्यास दर सेकंदास सुमारे १२ कोटी ४४ लाख बिट होतात. साध्या, एकपदरी तबकडीत ४७० कोटी बाइट, म्हणजे ३,७६० कोटी बिट मावतात. भागाकार करून पाहिल्यास ही तबकडी अवघ्या पाच मिनिटांत भरून जाईल. मग तीवर दोन तासांचे लग्न बसते कसे?

याचे उत्तर एमपेग-२ या पद्धतीत आहे. वर्गात रोज सर्व मुलांची नावे नव्याने लिहून काढण्याऐवजी नावांची यादी एकदा लिहावी आणि पुढे केवळ गैरहजर मुलांची खूण करावी, तसाच हा प्रकार आहे. साधारणपणे १२ ते १५ चित्रांमागे एक चित्र संपूर्ण नोंदले जाते. मधल्या चित्रांत फक्त काय हलले, काय बदलले एवढेच लिहिले जाते. काही चित्रे तर मागील व पुढील अशा दोन्ही चित्रांच्या आधाराने बनतात. तेथे हजेरीपटाचा दाखला अपुरा पडतो.

यावरून एक गोष्ट सहज ध्यानात येईल. अध्यक्षांचे भाषण चालू असताना ओठ व हात यांवाचून फारसे काही हलत नाही, म्हणून ते थोडक्या बिटांत भागते. लेझीम सुरू झाली, धूळ उडाली, पताका फडफडू लागल्या, की जवळजवळ सारेच चित्र प्रतिक्षणी बदलते. अशा वेळी पुरेसे बिट मिळाले नाहीत तर चित्रावर चौकोनी ठिगळे उमटतात. मुलांचे चेहरे ओळखू येऊ नयेत अशी ती प्रत निघते आणि तोवर मूळ फीत कोणी फेकून दिलेली असते, म्हणून ही खबरदारी.

दर सेकंदास किती बिट द्यावयाचे, हे सातवीच्या मुलांना घालण्यासारखे उदाहरण आहे. ३,७६० कोटींपैकी काही भाग अनुक्रमणिका व सुरक्षितता यांसाठी सोडून ३,६०० कोटी धरावेत. दोन तासांचे ७,२०० सेकंद. म्हणून दर सेकंदास ५० लाख. त्यांतून डॉल्बी पद्धतीच्या आवाजासाठी सुमारे २ लाख वजा केले की चित्रासाठी ४८ लाख उरतात, आणि ते चांगले पुरतात. आवाज संकोच न करता ठेवल्यास तो एकटाच १५ लाखांहून अधिक खाऊन टाकतो. भाषणाला इतक्या चैनीची गरज नसते. कार्यक्रम तासाभराचा असेल तर हिशोबाने एक कोटी येतात, परंतु चित्रासाठी डीव्हीडीची मर्यादा ९८ लाखांची आहे. जुन्या यंत्रांवर अडखळू नये म्हणून ८० लाखांवर थांबावे. चार तासांसाठी जेमतेम २३ लाख उरतात. तेव्हा बिंदू कमी करून ३५२ × ५७६ चे चित्र करता येते, तथापि दोन तबकड्या वापरणेच बरे.

आज्ञावलीत दोन फेऱ्यांची सोय असल्यास ती अवश्य निवडावी. पहिल्या फेरीत संगणक सर्व चित्र वाचून कोठे लेझीम आहे व कोठे भाषण, हे टिपतो; दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे बिट वाटतो. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, इतकेच.

आणखी एक खाचखळगा आहे. फितीवरील प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक ओळींनी घेतलेले असते. डीव्ही फितीत खालच्या ओळींचा भाग आधी येतो, तर अन्य साधनांत पुष्कळदा वरचा. हा क्रम उलटा लागला तर धावणारी मुले पुढे-मागे झटके खाताना दिसतात. संगणकाच्या पडद्यावर हा दोष लपतो, म्हणून धावण्याच्या शर्यतीचा मिनिटभराचा तुकडा पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीवर घेऊन दूरदर्शन संचावर पाहावा. मोबाइलवरील चित्राचे बिंदू निराळे व वेगही बहुधा सेकंदास ३० चित्रांचा असतो. ते आधी ७२० × ५७६ व २५ या मापांत आणावे.

तयार झालेली एमपी४ फाइल तबकडीवर नुसती नकलून ठेवली तर डीव्हीडी तयार होत नाही. पुष्कळ जुनी यंत्रे ती वाचत नाहीत. त्यांना ‘व्हिडिओ टीएस’ नावाच्या कप्प्यात ठराविक रचनेने मांडलेल्या फाइली लागतात, आणि ती मांडणी ऑथरिंगच्या आज्ञावलीकडून करून घ्यावी. तबकडी मध्यम वेगाने कोरावी, शेवटी ‘फायनलाइज’ करण्यास विसरू नये.

तबकडीतील रंगद्रव्य ऊन व उष्णता यांनी खराब होते. एन्कोडिंग करण्यापूर्वीची संगणकातील मूळ प्रत हार्डडिस्कवर वेगळी ठेवावी व फीतही जपावी, कारण एमपेग-२ करताना गाळलेला तपशील तबकडीवरून परत मिळत नाही. तबकडीवर कागदी चिठ्ठी चिकटवू नये. मऊ टोकाच्या मार्करने कार्यक्रमाचे नाव, साल आणि कालावधी लिहावा.