दोन रिंगिटच्या रोटीमागचं शहर

क्वालालंपूरमध्ये रात्री अडीच वाजताही रोटी चनाई मिळते. तव्यावर तूप सोडून थापलेली, पापुद्रे सुटलेली मैद्याची रोटी आणि वाटीभर डाळ. दर दीड-दोन रिंगिट, म्हणजे आपले चाळीस रुपये. ज्या शहरात 452 मीटर उंचीचे जुळे मनोरे आहेत आणि 118 मजल्यांची, जगातली दुसऱ्या क्रमांकाची उंच इमारत उभी आहे, त्याच शहराच्या मध्यात हा दर आहे.

परदेश दौऱ्याचं अंदाजपत्रक मांडताना आपण स्वस्त काय आणि महाग काय ते पाहतो. ते स्वस्त का आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. मला मात्र हा प्रश्न विलक्षण वाटतो. क्वालालंपूरमधल्या जवळजवळ प्रत्येक कमी दराला एक कारण आहे. कुठे ते इतिहासातलं आहे, कुठे अभियांत्रिकीतलं, कुठे थेट घड्याळातलं. कारण कळलं की स्वस्त वस्तू आणि स्वस्त वेळ आपोआप सापडतात.

रोटीपासूनच सुरुवात करू. 1876 मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने ब्राझीलमधून रबराच्या हजारो बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यातून उगवलेली मोजकी रोपं पुढच्याच वर्षी सिंगापूरला आणि मलायात (आजचा द्वीपकल्पीय मलेशिया) पोचली. पुढे मोटारीचं युग आलं, टायरला रबर हवं झालं आणि मलायातलं जंगल तोडून मैलोन्‌मैल मळे लागले. झाडाला रोज पहाटे चीर देऊन चीक गोळा करायला माणसं लागत. ती तमिळनाडूतून आली, नागपट्टणम आणि मद्रासच्या बंदरांतून बोटीने. मळ्यांवर मजूर होते, रेल्वेत कामगार होते, आणि त्यांच्या आगेमागे तमिळ मुस्लिम व्यापारी व खानावळवाले. आज मलेशियात भारतीय वंशाचे सुमारे वीस लाख लोक आहेत. त्या तमिळ मुस्लिमांची चोवीस तास चालणारी हॉटेलं म्हणजेच तिथली ‘मामाक’. शेवटच्या पाळीचा कामगार, टॅक्सीवाला, फुटबॉलचा सामना पाहायला जमलेली पोरं, सगळे एकाच टेबलावर. कष्टकऱ्याच्या खिशाला परवडावं म्हणून घडलेलं हे खाणं आहे, आणि पर्यटक त्याच दराने जेवतो.

शाकाहारी वाचकांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. मामाकमध्ये रोटीबरोबर येणारी डाळ काही वेळा मांसाच्या रश्श्यात मिसळून वाढतात, आणि मलाय ‘सांबाल’ चटणीत सुकट किंवा सुकी मासळी असतेच असं धरून चालावं. त्यापेक्षा केळीच्या पानावर भात वाढणारी तमिळ शाकाहारी हॉटेलं शोधावीत. इडली, डोसा, पोंगल, ताक, सगळं मिळतं, आणि ते पर्यटकांसाठी मांडलेलं नसल्याने चवीला अस्सल असतं.

याच इतिहासाची एक फांदी विमानाच्या तिकिटापर्यंत गेली आहे. क्वालालंपूरला भारतातून सर्वाधिक ओढा आहे तो चेन्नई, तिरुचिरापल्ली, कोची अशा दक्षिणेकडच्या शहरांचा. लग्नकार्य, नातलगांच्या भेटी, व्यापार, नोकरी या कारणांनी ही ये-जा बारा महिने चालू असते. ज्या मार्गावर हंगाम नसताना विमान भरतं, तिथे स्पर्धा येते आणि दर खाली राहतो. मुंबईहून थेट विमानं आहेत, प्रवास साधारण पाच तासांचा आहे. पण तारखा लवचीक असतील तर मुंबई-चेन्नई आणि पुढे क्वालालंपूर अशी बेरीज एकदा करून पाहावी. दोन वेगळी तिकिटं काढली तर मध्ये भरपूर वेळ ठेवावा. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी थांबत नाही.

कमी दराच्या विमानाचं गणित तर थक्क करणारं आहे. 2001 मध्ये टोनी फर्नांडिस यांनी एअरएशिया ही कर्जात बुडालेली कंपनी तिच्या कर्जासह एका रिंगिटला विकत घेतली. विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा फक्त खर्च करतं, हवेत असतं तेव्हाच कमावतं. सगळा धंदा या एका गोष्टीवर बेतला गेला. म्हणून एकाच जातीची विमानं, म्हणजे वैमानिकाचं प्रशिक्षण एक आणि सुटे भाग एक. उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंतचा वेळ पंचवीस मिनिटांवर आणलेला. जेवण, बॅग, आसनाची निवड, सगळं वेगळं विकायचं, कारण ज्याला ते नको त्याच्या तिकिटात त्याचा भार कशाला? आपण सात किलोच्या पाठपिशवीत दौरा बसवला, तर या व्यवस्थेचा खरा लाभ आपल्याला मिळतो. वीस किलोची बॅग घेतली की कमी दराची आणि पूर्ण सेवेची कंपनी यांतलं अंतर पुष्कळदा उरतच नाही. म्हणून तुलना करायची ती नेहमी बॅगेसकट.

विमानतळ शहरापासून पन्नासएक किलोमीटरवर आहे, आणि पहिला पैसा वाया जातो तो इथेच. जलद रेल्वे अर्ध्या तासात शहरात पोचवते, तिकीट माणशी 55 रिंगिट. बस तासभर घेते आणि साधारण पंधरा रिंगिटात नेते. एकट्याने जाणाऱ्याला बस उत्तम. चौघांचं कुटुंब असेल तर रेल्वेचे 220 रिंगिट होतात, आणि ॲपवरून बोलावलेली टॅक्सी शंभरच्या आत-बाहेर दारात सोडते. ग्रॅब ही टॅक्सीसेवा 2012 मध्ये याच शहरात सुरू झाली आणि मग आग्नेय आशियाभर पसरली.

उतरायचं कुठे? मी ब्रिकफील्ड्स म्हणेन. 1881 हे क्वालालंपूरचं भीषण वर्ष होतं. आधी आग लागली, नंतर पूर आला. लाकूड आणि झावळ्यांचं ते गाव जवळजवळ नाहीसं झालं. फ्रँक स्वेटनहॅम या ब्रिटिश अधिकाऱ्याने पुढे घरं विटा-कौलांचीच बांधायची असा आग्रह धरला, आणि गावाबाहेर मातीच्या खाणींशेजारी वीटभट्ट्या पेटल्या. त्या भट्ट्यांची जागा म्हणजे हे ब्रिकफील्ड्स. मग रेल्वेची कामशाळा आली, तमिळ कामगारांची वस्ती झाली. 2001 मध्ये शेजारीच केएल सेंट्रल हे मोठं स्थानक उघडलं, आणि जुनी कामगारवस्ती शहरातल्या जवळजवळ सगळ्या रेल्वेमार्गांच्या तोंडाशी आली. पायाशी स्थानक, समोर डोसा, आणि साध्या खोलीचं भाडं शंभर ते दीडशे रिंगिट. परदेशी पाहुण्याला खोलीमागे दर रात्री दहा रिंगिट पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो, तो हिशेबात धरावा.

आता घड्याळ. या शहराची माझ्या मते सगळ्यांत अद्भुत गोष्ट. नकाशावर क्वालालंपूर भारताच्या प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून एकोणीस अंश पूर्वेला आहे. सूर्याच्या हिशेबाने अंतर पडतं सव्वा तासाचं. प्रत्यक्षात तिथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. 1982 च्या पहिल्या दिवशी, बोर्निओ बेटावरच्या साबा-सारावाक या मलेशियाच्याच राज्यांशी वेळ जुळावी म्हणून, मलाय द्वीपकल्पाने आपली घड्याळं अर्धा तास पुढे सरकवली. मुळातच पुढे असलेली वेळ आणखी पुढे गेली. म्हणून क्वालालंपूरमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी सव्वाच्या सुमारास. वर्षभर सूर्योदय सातच्या आगेमागे, सूर्यास्तही सातच्या आगेमागे. विषुववृत्त जवळ असल्याने दिवस फारसा लहानमोठा होतच नाही.

याचा दौऱ्याशी घट्ट संबंध आहे. भारतातून गेलेला माणूस सवयीने आपल्या वेळेनुसार सकाळी साडेसहाला उठतो तेव्हा तिथे नऊ वाजलेले असतात. आणि नऊ ते दोन हेच तिथल्या आकाशाचे मोलाचे तास. शहर विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंशांवर आहे; एका बाजूला मलाक्काची सामुद्रधुनी, दुसऱ्या बाजूला तितिवांग्सा डोंगररांग. ऊन चढेल तशी दमट हवा तापून वर जाते, दुपारपर्यंत ढगांचे डोंगर उभे राहतात, आणि तीन-चारच्या सुमारास विजांसह कोसळतात. तासा-दीड तासात सगळं शांत. वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईचाही याच घरातला, पण मुंबईत तो चार महिन्यांत ओततो आणि इथे बारा महिन्यांत वाटून येतो. एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जोर जास्त, जून-जुलैत कमी. त्यामुळे आपल्याकडचा पावसाळा हा तिथे जायला चांगला काळ ठरतो.

हा पाऊस त्या शहराने कसा पेलला आहे, ते ऐकण्यासारखं आहे. गोंबाक आणि क्लांग या दोन गढूळ नद्यांच्या संगमावर, कथिलाच्या शोधात आलेल्या चिनी खाणकामगारांनी हे गाव वसवलं. संगमावरचं गाव पुरात बुडणारच. 2007 मध्ये तिथे 9.7 किलोमीटर लांबीचा बोगदा सुरू झाला. त्याच्या मधल्या सुमारे चार किलोमीटरच्या भागात दुमजली रस्ता आहे. एरवी त्यातून मोटारी धावतात. मध्यम पाऊस झाला की रस्त्याच्या खालच्या पोकळीतून पुराचं पाणी जातं आणि वर वाहतूक चालूच राहते. प्रलयासारखा पाऊस झाला की मोटारी बाहेर काढतात, दारं उघडतात आणि अख्खा बोगदा नदी होतो. मग धुऊन-पुसून पुन्हा रस्ता! आपण टॅक्सीने त्या बोगद्यातून जातो तेव्हा एका कोरड्या ठेवलेल्या नदीतून जात असतो.

तर सकाळचे तास उघड्यावर घालवायचे आणि दुपार छताखाली. सकाळसाठी बाटू गुंफांसारखी दुसरी जागा नाही. केएल सेंट्रलहून लोकल गाडी थेट तिथल्या स्थानकावर सोडते, भाडं तीन रिंगिटच्या आत. गाड्यांमध्ये अंतर बरंच असतं, म्हणून वेळापत्रक आदल्या रात्री पाहून ठेवावं. सुमारे चाळीस कोटी वर्षं जुना चुनखडीचा डोंगर, पायथ्याशी 42.7 मीटर उंचीची सोनेरी मुरुगन मूर्ती, आणि 2018 पासून इंद्रधनुषी रंगलेल्या 272 पायऱ्या. तंबुसामी पिल्लै यांनी 1890 च्या सुमारास इथे देवस्थान उभं केलं. मुख्य मंदिर-गुंफेत जायला तिकीट नाही. वर पोचल्यावर छताच्या भगदाडातून ऊन खाली उतरतं आणि त्या उजेडात माकडं, भाविक आणि कबुतरं एकत्र दिसतात. याच डोंगराच्या अंधाऱ्या गुंफेत एक कोळी राहतो, ज्याच्या पोटावर अजून शरीरखंडांच्या खुणा आहेत. कोळ्यांच्या अतिप्राचीन कुळातला हा दुर्मीळ वंशज शहराच्या लोकलच्या टप्प्यात जगतो आहे, हे मला मूर्तीइतकंच भव्य वाटतं.

दुपारी मशीद नेगाराशेजारचं इस्लामी कलांचं संग्रहालय किंवा 1888 पासूनचं सेंट्रल मार्केट. शहरातल्या शहरात फिरायला एलआरटी आणि एमआरटी या शहरी रेल्वे, बहुतेक फेऱ्या दोन-चार रिंगिटात होतात. केलाना जया मार्गावरची गाडी 1998 पासून चालकाविना धावते. पहिल्या डब्यात अगदी पुढच्या काचेशी उभं राहिलं की रूळ आपल्याच पायाखालून सुटत जातात. मुलं बरोबर असतील तर हीच त्यांची सर्वांत लाडकी सहल ठरेल.

संध्याकाळ पेट्रोनास मनोऱ्यांची. वर जायचं तिकीट महाग आहे, आणि माझ्या मते ते टाळलं तरी काही गमावत नाही, कारण वर गेल्यावर मनोरेच दिसत नाहीत. खाली पन्नास एकरांची बाग आहे, जिथे पूर्वी घोड्यांच्या शर्यती होत. ब्राझीलचे थोर उद्यानरचनाकार रॉबेर्तो बुर्ले मार्क्स यांनी ती आखली. कारंज्यांचा खेळ फुकट असतो. तिथे बसून वर पाहावं. एक मनोरा जपानी कंपन्यांच्या गटाने बांधला, दुसरा कोरियन. दोन्ही वाऱ्यात वेगवेगळे डोलतात, म्हणून 41 व्या-42 व्या मजल्यावरचा त्यांना जोडणारा पूल घट्ट जखडलेला नाही, तो सरकू शकतो.

पैशाचं थोडक्यात. 1998 च्या आर्थिक संकटात मलेशियाने रिंगिटचा देशाबाहेरचा व्यापार बंद केला, आणि ते चलन आजही मुख्यतः देशातच फिरतं. त्यामुळे भारतात रिंगिट विकत घेताना भाव चांगला मिळत नाही. थोडे डॉलर न्यावेत आणि शहरातल्या मनी चेंजरकडे बदलावेत, बाकी कार्ड. दुकानातल्या यंत्राने ‘रुपयांत देणार की रिंगिटमध्ये?’ असं विचारलं तर रिंगिटच निवडायचं. रुपये निवडले की विनिमयाचा दर ते यंत्र ठरवतं.

कागदपत्रं सोपी आहेत. भारतीयांना 1 डिसेंबर 2023 पासून तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत 2026 अखेरपर्यंत जाहीर झाली आहे, म्हणून तिकिटाआधी सरकारी संकेतस्थळावर ताजी स्थिती पाहावी. पासपोर्ट सहा महिने तरी वैध असावा, परतीचं तिकीट हाताशी असावं, आणि पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरावं. ते फुकट आहे; त्यासाठी पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नव्हे.

तारखा ठरवताना तिथलं पंचांग उघडावं. चिनी नववर्षाला आणि हारी रायाला, म्हणजे ईदला, अर्धं शहर आपापल्या गावी जातं. विमानं-बसगाड्या भरतात आणि लहान हॉटेलं बंद असतात. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, त्यामुळे गेल्या वर्षी कुणी गेलं होतं ते आठवडे यंदा चालतीलच असं नाही. जानेवारी-फेब्रुवारीतल्या तैपूसम या उत्सवाला बाटू गुंफांपाशी लाखोंचा समुदाय कावडी घेऊन लोटतो. तो सोहळा पाहायचाच असेल तर खोली काही महिने आधी घ्यावी आणि गुंफांकडे पहाटेच निघावं. नसेल पाहायचा, तर त्या आठवड्यानंतरचं तिकीट काढावं.