निळ्या जिभेचा रोग आणि चिखलातली चिलटे

पावसाळा सरता सरता मेंढीला ताप चढतो, तोंड सुजते, लाळ गळते, खुरांवरची कड लाल होऊन ती लंगडू लागते. अशा वेळी लाळ्या-खुरकूत समजून शेजारच्या कळपाला बोल लावला जातो. पण रोग ‘ब्लू टंग’ असेल, तर शेजारी बहुधा निर्दोष असतो. जीभ निळी पडतेच असेही नाही. हा विषाणू शिवाशिवीने सहसा पसरत नाही. त्याला क्युलिकॉइड्स हे डासाहून बारीक, रक्तपिते चिलट लागते. भारतातली त्याची पहिली नोंद महाराष्ट्रातलीच. संशोधक सप्रे यांनी शेळ्या-मेंढ्यांतली साथ 1964 साली नोंदवली.

अमरावती-अकोला जिल्ह्यांत लागण किती, हे आजारी मेंढ्या मोजून कळायचे नाही. देशी मेंढी पुष्कळदा लागण पचवते. विदेशी रक्ताची अधिक कोलमडते. म्हणून रक्त घेऊन एलायझा चाचणीने प्रतिपिंडे शोधतात. गोम अशी, की प्रतिपिंडे जुन्या लागणीचीही असतात. चार पावसाळे काढलेल्या मेंढीला चिलटांनी चारही वर्षे फोडलेले असते, म्हणून मोठ्या वयात पॉझिटिव्ह अधिक निघतात. म्हातारपणी रोग जास्त जडतो, असा त्याचा अर्थ नव्हे. उलट कोवळ्या कोकरात प्रतिपिंडे आईच्या चिकातून आलेली असू शकतात. टक्केवारी वाचताना मी आधी मेंढ्यांचे वय शोधतो.

धोका वाढतो तो गोठ्याजवळ. ओले शेण आणि डबक्याकाठचा चिखल यांत चिलटांची पैदास होते. गाई-बैलांच्या रक्तात विषाणू कित्येक आठवडे टिकतो, आणि ती जनावरे बहुधा धडधाकट दिसतात. त्यातच इथल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातली काळी जमीन पाणी लवकर सोडत नाही. शिवाय चिलटे चावतात मुख्यतः दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत, म्हणजे मेंढ्या शेतात बसवलेल्या असतात तेव्हाच. वाऱ्यावर ती लांबही जातात. 2006 साली नेदरलँड्समध्ये उगवलेला हा रोग पुढे युरोपात दूरवर पसरला, त्यात वाऱ्याचाही हात होता.

भारतात या विषाणूच्या पाच प्रकारांवरची लस आहे. जगात प्रकार चोवीसहून अधिक, आणि एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला धड पुरत नाही. तेव्हा आपल्याकडे कोणते प्रकार फिरतात, हे विषाणू वेगळा करूनच ठरवावे लागते. भटक्या कळपाचे रक्त अकोल्यात काढले, तरी चिलट चावले ते दोन जिल्हे मागे असू शकते. नमुन्याच्या बाटलीवर गावाच्या नावासोबत कळपाची वाटही लिहायला हवी.