सातशे चौदा रुपयांच्या पुढे

पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओच्या आसपास विम्याची कामं करून देणाऱ्यांची छोटी छोटी ऑफिसं आहेत. त्यातल्या एका टेबलाशी सकाळभर बसलं, की एकच प्रश्न सारखा कानावर येतो : “ताई, सगळ्यात स्वस्त कुठलं पडेल?” टेबलामागच्या बाई लगेच आकडा सांगत नाहीत. आधी आरसी मागतात, मग जुनी पॉलिसी, आणि विचारतात, “गाडी कधी घेतली?”

या उत्तरावर बरंच काही ठरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग, म्हणजे एजंटांच्या बोलण्यातला ‘ओडी’, बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. समोर बसलेल्या मुलाची ११० सीसीची स्कूटर तीन वर्षांची आहे. मोबाइलवर तो ‘फुल इन्शुरन्स’चं कोटेशन काढून घेऊन आलाय. बाई जुन्या पॉलिसीतल्या एका तारखेवर बोट ठेवतात. थर्ड पार्टी अजून दोन वर्षं चालू आहे. “हे पैसे तू परत कशाला भरतोस?” त्याला हवी फक्त ओडीची पॉलिसी. ती सप्टेंबर २०१९पासून वेगळी आणि हव्या त्या कंपनीकडून घेता येते. तेवढ्या एका तारखेने त्याचे जीएसटीसह ८४३ रुपये वाचले.

थर्ड पार्टीत घासाघीस नाहीच. तो दर सरकार ठरवतं आणि सगळ्या कंपन्यांना तोच लागू असतो. जून २०२२च्या दरांप्रमाणे ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, १५० सीसीपर्यंत ७१४, ३५० सीसीपर्यंत १,३६६ आणि त्यावर २,८०४. वर १८ टक्के जीएसटी. तेव्हा एखाद्याने ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त’ म्हटलं, तर तिथेच सावध व्हावं. हा विमा नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, कधी दोन्ही. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. आपल्या गाडीने कुणी जखमी झालं किंवा दगावलं, तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई या ७१४ रुपयांच्या बळावर कंपनी देते. विमा नसेल तर ती मालकाच्या घरादारावर येते.

स्वस्त-महाग ठरतं ते ओडीत, आणि तिथेच कोटेशन ओळ न् ओळ वाचावं लागतं.

नंतर आलेल्या काकांची १२५ सीसीची मोटारसायकल सात वर्षांची. दोन कोटेशनं शेजारी ठेवली आहेत आणि त्यांचा कल कमी आकड्याकडे आहे. बाई पेन घेऊन आधी ‘आयडीव्ही’ला गोल करतात. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर जास्तीत जास्त मिळणारी ही रक्कम. एकात ती ३८,००० आहे, दुसऱ्यात ३०,०००. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, त्यामुळे ती खाली ओढणं सोपं असतं. ओडीचा दर साधारण १.७ टक्के धरून बाई कागदाच्या कडेला हिशेब करतात : आठ हजारांवर १३६ रुपये, काकांच्या ५० टक्के एनसीबीने, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीने, ६८, कर धरून ८०. “ऐंशी रुपयांसाठी आठ हजारांवर पाणी सोडताय, काका.”

दुसरा गोल मालक-चालकाच्या अपघात विम्याला. स्वस्त कोटेशनमध्ये ती ओळच नाही. पंधरा लाखांचं हे संरक्षण आधीच दुसऱ्या गाडीवर किंवा स्वतंत्र पॉलिसीत असेल, तर ते पुन्हा न घेणं ही खरी बचत. काकांकडे मात्र दुसरं काहीच नाही. फॉर्मवर ‘आधीच आहे’ या चौकोनात टिक करून रक्कम उतरवली, तर ती कुटुंबाच्या वाट्यातून उतरते.

मग निघतो मागच्या महिन्यात फुटलेल्या इंडिकेटर आणि मडगार्डचा विषय. बिल बाराशेचं आहे, क्लेम करावा का? झीरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा संरक्षण, नसेल तर प्लास्टिकच्या भागांचे निम्मे पैसे कापले जातात. उरले सहाशे, त्यातून मालकाने सोसायचे सक्तीचे शंभर गेले. हातात पाचशे. त्या बदल्यात एनसीबी शून्यावर येतो. काकांच्या हप्त्यात पहिल्याच वर्षी त्याचे ३८० रुपये जातात, आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांवर यायला क्लेमविना पाच वर्षं लागतात. काका क्लेमचा विचार सोडतात.

हाच एनसीबी सर्वांत जास्त वाया जातो तो विसराळूपणाने. मुदत संपल्यावर ९० दिवसांत पॉलिसी रिन्यू केली नाही, तर वर्षानुवर्षं जमवलेली सवलत जाते. गाडी विकणाऱ्यांनाही बाई आवर्जून सांगतात, की एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. कंपनीकडून पत्र घेतलं तर तो नव्या गाडीला लावता येतो. जुनी गाडी घेणाऱ्याने १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायला हवी. थर्ड पार्टी कायद्यानेच नव्या मालकाकडे येतो. ओडी येत नाही, आणि पॉलिसी जुन्याच नावावर राहिली तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

काका ३८,००० वाली पॉलिसी घेतात, अपघात विम्यासकट. यूपीआयने पैसे जातात आणि पीडीएफ मोबाइलवर येते. बाई त्यांना उठू देत नाहीत. चेसिस नंबर आरसीशी अंक न् अंक ताडून बघायला लावतात, नावाचं स्पेलिंग तपासतात, एनसीबीचा आकडा मागच्या पॉलिसीशी जुळवतात, कारण तो खोटा निघाला तर क्लेम अडतो. चेसिसच्या शेवटच्या चार अंकांत दोन उलटसुलट पडले आहेत. बाई तिथूनच दुरुस्तीचा अर्ज टाकतात आणि पुढच्या माणसाची आरसी मागतात.