पाहणारे आणि पाहुणे
पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ मुलुखातील ग्रामदर्शनाविषयी थोडेसे

बडोद्यास दांडिया बाजारालगतच्या आमच्या जुन्या घरी ज्येष्ठा गौरींच्या जेवणाचा दिवस होता. पंगत बसलेली होती. इतक्यात एक वाटाड्या सहा-सात परदेशी प्रवाशांना घेऊन थेट ओसरीवर आला आणि 'हे पाहा मराठी लोकांचे घर' अशा थाटात त्यांना माहिती सांगू लागला. प्रवासी दारातूनच छायाचित्रे घेऊ लागले. जेवणारी मंडळी हातातला घास हातातच ठेवून एकमेकांकडे पाहत राहिली. घर आमचे, सण आमचा. पण त्या दोन-तीन मिनिटांत आम्ही घरची माणसे उरलो नव्हतो, देखावा झालो होतो. आईने मात्र पुढे होऊन वाटाड्याला गुजरातीतच बजावले, की यांना पायताणे काढून आत यायला सांग. आणि ती पाने मांडू लागली. दोघे-तिघे संकोचून निघून गेले. उरलेले मांडी घालून बसले आणि पुरणपोळी जेवले. त्यांतल्या एका बाईने निघताना आईचे नाव विचारून वहीत लिहून घेतले. तिचा चेहरा आम्हांस आजही आठवतो. बाकीच्यांचा आठवत नाही.

हा प्रसंग पुन्हा मनात येण्याचे कारण आमची भाची. तिने व तिच्या यजमानांनी पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात पायी हिंडण्याचा व खेड्यांतून राहण्याचा बेत केला आहे. प्रवासाचे माहितीपत्रक तिने आईपुढे ठेवले. त्यावर तोंडे पिवळ्या-तांबड्या रंगांनी रंगवलेले, डोक्यावर पिसांचे तुरे खोवलेले पुरुष होते. आईने चष्मा लावून ते नीट पाहिले आणि विचारले, "ही माणसं रोज अशीच असतात का गं?"

प्रश्न साधा असला, तरी अशा साऱ्या सहलींचे मर्म त्यातच आहे. म्हणून त्या मुलुखाची थोडी ओळख करून घेऊ.

न्यू गिनी हे ग्रीनलंडच्या खालोखाल जगातील सर्वांत मोठे बेट. त्याच्या पूर्वार्धात पापुआ न्यू गिनी हा देश असून तो १६ सप्टेंबर १९७५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या अमलातून स्वतंत्र झाला. बेटाच्या मधोमध उंच पर्वतांची रांग आहे आणि तिच्या पोटात विस्तीर्ण, सुपीक खोरी आहेत. १९३० पर्यंत बाहेरच्या जगाची समजूत अशी, की हे नुसते निर्जन डोंगर आहेत. सोन्याच्या शोधात निघालेले मायकेल लेही व त्याचे सोबती वर चढले, तेव्हा त्यांना आखीव शेते आणि दाट वस्ती दिसली. १९३३ साली वाघी खोऱ्यात पाऊल पडल्यावर कळून चुकले, की येथे लाखो माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. लेहीने त्या पहिल्या भेटीची छायाचित्रे व चलच्चित्रे घेतली. १९८३ साली निघालेल्या 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' या माहितीपटात ती आहेत. ते प्रसंग आठवणारी तेथली वृद्ध माणसेही त्यात बोलतात. गोरी माणसे म्हणजे परत आलेली आपलीच मृत माणसे, असे आम्हांला वाटले होते, असे ती सांगतात.

या लोकांना 'आदिमानव' म्हणून मोकळे होणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. माउंट हागेन या गावाजवळ कुक नावाची दलदल आहे. तेथे चर खणून पाण्याचा निचरा करून निदान सात हजार वर्षांपासून शेती होत आली आहे. तेथे केळ्याच्या लागवडीच्या फार जुन्या खुणा मिळतात. युनेस्कोने २००८ साली या जागेस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्या अंगणातल्या केळीचे कूळ शोधू गेल्यास त्याचा एक धागा त्या खोऱ्यांपर्यंत पोहोचतो. उलट तेथले आजचे मुख्य अन्न रताळे. त्याला ते 'काउकाउ' म्हणतात. हे कंद मूळचे अमेरिकेतले. आपण एकादशीला खातो तेही तेथूनच आले. दोन्हीकडे पाहुणा म्हणून आलेले रताळे घरचेच होऊन बसले!

देश लहान, लोकसंख्या एक कोटीच्या आसपास. पण भाषा मात्र आठशेहून अधिक. एका खोऱ्यातल्या माणसाची बोली दुसऱ्या खोऱ्यात समजेलच असे नाही. परस्परांशी बोलण्यासाठी इंग्रजीच्या आधाराने घडलेली 'टोक पिसिन' ही भाषा वापरतात. तीत 'वान्टोक' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ एका बोलीचा माणूस. परक्या शहरात वान्टोक भेटला की त्याला आसरा देणे, जेवू घालणे हे कर्तव्यच. महाराष्ट्राबाहेर चार पिढ्या काढलेल्या आम्हा लोकांना या शब्दाचा अर्थ कोशात पाहण्याची गरज नाही.

आता आईच्या प्रश्नाचे उत्तर. नाही, ही माणसे रोज अशी नसतात. रोज ती सदरा-विजार घालतात, रविवारी चर्चला जातात, कॉफीच्या बागा राखतात. बायकांच्या डोक्यावरून पाठीवर सोडलेली 'बिलुम' ही विणलेली झोळी मात्र रोजची. तीत रताळीही असतात आणि तान्हे मूलही. पिसांचा साज 'सिंगसिंग'चा, म्हणजे नाचगाण्याच्या समारंभाचा. टारीकडचे हुली तरुण वर्ष-दीड वर्ष वेगळे राहून, नेमधर्म पाळून केस वाढवतात आणि त्या केसांचे टोप करतात. गोरोका येथे १९५७ पासून अनेक जमातींचा मोठा मेळावा भरतो. त्याचा आरंभ ऑस्ट्रेलियन अमलातला. आसारोचे मातीच्या मुखवट्यांचे नर्तक तेथूनच जगास ठाऊक झाले. तेव्हा जे दिसते त्यात काही फार जुने, काही प्रेक्षकांसाठी घडलेले. पण म्हणून ते खोटे ठरत नाही. आपला सार्वजनिक गणेशोत्सव तरी कुठे अनादी काळापासून चालत आला आहे?

चांगल्या ग्रामदर्शनात प्रवासी नाच पाहून परतत नाही. तो गावच्या अतिथिगृहात मुक्काम करतो. खड्ड्यात तापलेले दगड घालून, केळीच्या पानांत गुंडाळलेले कंद, भाजी व डुकराचे मांस वाफवतात, त्या 'मुमु'साठी पाने निवडू लागतो. शाकाहारी माणसाने आधीच सांगून आपला वाटा वेगळा शिजवून घ्यावा. देशातील बहुतेक जमीन कुळांच्या परंपरागत मालकीची असल्यामुळे पायवाट, धबधबा, टेकडी, सर्वांना धनी आहे. वाटेत शुल्क मागितले तर ती लूट समजू नये. फक्त पैसे यजमान कुळाच्या हाती किती पडतात व सहल नेणाऱ्याकडे किती राहतात, हे निघण्यापूर्वी स्पष्ट विचारावे. तेथल्या नाण्याचे नाव 'किना' हे मुळात देवाणघेवाणीतल्या मौल्यवान शिंपल्याचे. तेथे देणे हा केवळ व्यवहार नसतो, ते नाते असते.

चालणाऱ्यांना ओढ असते ती ४,५०९ मीटर उंचीच्या माउंट विल्हेल्मची. वरच्या तळ्यांकाठी मुक्काम करून मध्यरात्रीनंतर चढू लागतात, म्हणजे ढग दाटण्यापूर्वी शिखर गाठता येते. विषुववृत्त जवळ असले तरी तेथे रात्री बोचरी थंडी असते. विरळ हवेचा त्रास अंगावर काढू नये. डोके दुखू लागले, ओकाऱ्या होऊ लागल्या तर खाली उतरावे. राजधानी पोर्ट मोर्सबीहून डोंगरात जाणारी सडक नाही; विमानानेच जावे लागते. आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. काही प्रांतांत कुळांची वैरे आता बंदुकांनी लढली जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये एंगा प्रांतात अशा चकमकीत कित्येक माणसे मारली गेली. म्हणून त्या-त्या खोऱ्यातलाच वाटाड्या हवा. तो 'आज पुढे जायचे नाही' म्हणाला की हुज्जत घालू नये.

हे सारे ऐकून भाचीने आपला बेत बदलला आहे. सात दिवसांत सहा गावे होती. आता दोनच गावे आणि एक डोंगर. यजमानांसाठी काय न्यावे, असे तिने आईला विचारले. आई म्हणाली, "भेट काहीही ने. पण विचारल्याशिवाय दारातून फोटो काढू नकोस, बस म्हणाले की खाली बस, आणि जिच्या हातचं खाशील तिचं नाव विचारून ये. मला सांगायला."

भाचीने प्रवासाच्या सामानात एक कोरी वही ठेवली आहे.