जुन्या जीपच्या नळ्या

जीपगाडी कोणी पाहिली नाही? दुसऱ्या महायुद्धात, १९४१ सालापासून, अमेरिकेतल्या विलीज कंपनीने ती लष्करासाठी बांधली. पुढे मुंबईच्या महिंद्र कंपनीने विलीजच्या परवान्याने आपल्या देशात जीपा बांधल्या. त्यांतल्या काही अजून रस्त्यावर दिसतात.

अशा जुन्या जीपचे बॉनेट उघडले की आत नळ्याच नळ्या. कुठली कशाची? एकदा आम्हीही असेच गोंधळलो. एक बारीक रबरी नळी काचेच्या वायपरकडे जात होती. दिवस उन्हाळ्याचे. आम्ही म्हटले, पाऊस कुठे आहे? आणि नळी उपटून टाकली. झाले! ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की एंजिन थरथरे आणि बंद पडे.

असे का झाले? त्या जीपचा वायपर विजेवर नव्हे, एंजिनाच्या ओढीवर चालत होता. एंजिन श्वास ओढते ना, तीच ओढ. (घाट चढताना एंजिनाला जोर दिला की ही ओढ कमी होते, आणि नेमका भर पावसात वायपर मंदावतो!) नळी काढल्यावर भोक उघडे राहिले. त्यातून जादा हवा आत शिरली आणि पेट्रोलचे मिश्रण पातळ झाले. भोकाला बूच बसवताच एंजिन नीट चालू लागले.

पण म्हणून सगळ्याच नळ्यांना बूच मारू नये. एक नळी एंजिनाच्या पोटातून निघते आणि कार्बुरेटरच्या खाली, हवा ओढणाऱ्या भागाला मिळते. पिस्टनच्या कडेने थोडा जळका वायू एंजिनाच्या पोटात उतरतो. तो या नळीने वर ओढला जातो व जळून जातो. ही बंद केली तर पोटात वायू कोंडतो आणि तेल सांध्यासांध्यांतून बाहेर येते. दोन्ही नळ्या दिसायला सारख्याच. मग ओळखायच्या कशा?

नळी कुठून निघाली आणि कुठे गेली, ते पाहावे. ओढा कुठला हे कळायला आपण काठाकाठाने जातो, तसेच. एंजिन बंद व गार असताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवावे. मधली जागा पाहून अंदाज करू नये. नळी काढण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना कागदाची चिठ्ठी बांधावी. एकीला ‘क’, दुसरीला ‘ख’. ती जिथून निघाली त्या तोटीलाही तेच अक्षर बांधावे. आपल्याला आता लिहिता येते. मग डोक्यावर भार कशाला?

मनगटाएवढ्या जाड दोन नळ्या दिसल्या तर त्या पाण्याच्या. वरची नळी एंजिनातले गरम पाणी रेडिएटरमध्ये नेते. निवालेले पाणी खालच्या नळीने परत येते. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी उसळून तोंडावर येते. आणि एंजिन चालू असताना उपरण्याचे किंवा पदराचे टोक पंख्यापासून दूर ठेवावे.

तेल गाळण्याच्या डब्याला दोन नळ्या असतात. एकीने तेल जोराने येते, दुसरीने परत जाते. येणारी फुटली तर थोड्याच वेळात एंजिन कोरडे पडते.

पुढच्या चाकाकडे जाणारी आखूड रबरी नळी बॉनेटखालची नव्हे, ती ब्रेकची. तिला भेगा दिसल्या तर गाडी हलवूच नये, जाणत्या मेस्त्रीला बोलवावे.

राहिली पेट्रोलची. टाकीकडून एक नळी पंपाला येते, पंपाकडून दुसरी कार्बुरेटरला जाते. वासावरून ती लगेच कळते. जवळ बिडी नको, दिवा नको. अडल्या वेळी सायकलच्या ट्यूबचा तुकडा हिला लावणारे लोक आहेत. तसे करू नये. ते रबर पेट्रोलने फुगते, मऊ होते आणि तापल्या एंजिनावर पेट्रोल ठिबकते. पेट्रोलसाठीच बनवलेली नळी दुकानातून मागून घ्यावी. बसवल्यावर क्लिप आवळावी आणि एंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे. मग कोरड्या बोटाने सांधा चाचपावा. ओल लागली तर क्लिप पुन्हा आवळावी, आणि सांधा कोरडा होईतो एंजिन सुरू करू नये.