गाठ धमनीला टेकली आहे, की चिकटली आहे?

‘मानेतल्या गाठीने कॅरॉटिड धमनीला १८० अंशांहून अधिक वेढले आहे.’ सीटी स्कॅनच्या रिपोर्टातली ही ओळ वाचली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, म्हणजे आता ऑपरेशन नाहीच का?’ दिल्लीत अन्सारी नगरातले एम्सचे रोटरी कॅन्सर हॉस्पिटल, रोहिणीतले राजीव गांधी कॅन्सर इन्स्टिट्यूट, हरयाणात झज्जर जिल्ह्यातल्या बाढसा गावची एम्सचीच राष्ट्रीय कर्करोग संस्था, अशा ठिकाणी उत्तर भारतातून पेशंट येतात आणि त्यातल्या अनेकांचा रोग तोंडातून किंवा घशातून मानेत उतरलेला असतो. ‘ग्लोबोकॅन’च्या २०२२च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे पेशंट सापडतात. त्यामागचे मोठे कारण सर्वांना ठाऊक आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाणारे आढळले.

जबड्याखाली, गळ्याच्या बाजूला बोट ठेवले की जी नाडी लागते, ती कॅरॉटिड. कंठमण्याच्या वरच्या कडेजवळ तिला दोन फाटे फुटतात. बाहेरचा फाटा चेहऱ्याला रक्त पुरवतो. गरज पडली तर सर्जन तो बांधून टाकतात आणि सहसा फारसे बिघडत नाही. आतला फाटा मेंदूकडे जातो. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला १५ ते २० टक्के वाटा त्याला लागतो. म्हणून मूळ धमनी किंवा आतला फाटा बंद करणे म्हणजे पक्षाघाताला आमंत्रण ठरू शकते. पंचाईत अशी, की तोंडातला रोग मानेतल्या ज्या लसीका ग्रंथींमध्ये आधी शिरतो, त्यातल्या बऱ्याच याच फाट्याच्या आसपास असतात. ग्रंथीचे आवरण फोडून रोग बाहेर आला की त्याला पुढे गाठायला धमनी समोरच असते.

चाचपून थोडाफार अंदाज येतो. गाठ बोटांनी आडवी हलत असेल तर बरे, घट्ट रुतलेली असेल तर शंका. पुढचे काम स्कॅनचे. क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंड ठीक असल्याची खात्री केली जाते आणि हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट सोडले जाते. पेशंटला क्षणभर अंगभर ऊब जाणवते, आणि पडद्यावर धमनी पांढरीशुभ्र उजळते. निरोगी मानेत धमनी आणि शेजारच्या ग्रंथी यांच्यामध्ये चरबीचा एक पातळ, काळसर पट्टा दिसतो. रेडिऑलॉजिस्ट एकेक काप वर-खाली सरकवत तो पट्टा शोधतो. पट्टा सलग असेल तर गाठ नुसती शेजारी आहे. तो पुसला गेला असेल तर मोजमाप सुरू होते. धमनीचा आडवा छेद म्हणजे घड्याळाची तबकडी धरली, तर गाठ किती तासांना टेकली आहे? सहा तास म्हणजे १८० अंश, नऊ तास म्हणजे २७०.

या आकड्यांना आधार आहे. डेव्हिड युसेम आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात एमआरआयवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाठीने धमनीला २७० अंश किंवा अधिक वेढले असेल, तर सर्जनला ती धमनीवरून सोलून काढता येत नाही, असे त्यात दिसले. सीटीत पुष्कळ जण १८० अंशांनाच सावध होतात. शिवाय धमनी दबून वेडीवाकडी झाली आहे का, तिची कड खडबडीत दिसते का, हेही पाहिले जाते. सोनोग्राफीचा फायदा वेगळा. पेशंटला आवंढा गिळायला सांगायचा, प्रोबने हलकेच दाबायचे आणि गाठ धमनीवरून घसरते का, ते डोळ्यांनी पाहायचे. स्थिर चित्रात हे दिसत नाही.

तरीही चित्र फसवू शकते. आधी रेडिएशन झालेल्या मानेत ऊती घट्ट होतात, सुजतात आणि रोग नसतानाही चरबीचा पट्टा हरवतो. दातांतल्या धातूमुळे सीटीत रेघोट्या उमटतात. जाड कापांचा किंवा कॉन्ट्रास्टशिवाय काढलेला स्कॅन या कामाला पुरत नाही. काही आठवड्यांपूर्वीच्या स्कॅनवर आजचा निर्णय घेणेही धोक्याचे, कारण गाठ तेवढ्यात वाढलेली असू शकते.

धमनी गाठीसकट काढावी लागेल असे वाटले, तर काही ठिकाणी आधी फुग्याची चाचणी करतात. जांघेतून नळी घालून आतल्या कॅरॉटिडमध्ये छोटा फुगा फुगवतात आणि जागा असलेल्या पेशंटला बोलायला, आकडे मोजायला, हात दाबायला सांगतात. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते. त्यातून दुसऱ्या बाजूचे रक्त पुरेसे येते का, हे यातून कळते. पण कितीतरी लोकांत हे कडे अपुरे असते, आणि चाचणी पार पडली तरी नंतर पक्षाघात होणारच नाही, अशी हमी कुणी देत नाही.

खरा पेच यापुढे आहे. स्कॅन सांगतो ते एवढेच, की धमनी सुटेल की नाही. धमनी काढून पेशंटचे आयुष्य वाढेल का, हा वेगळा प्रश्न. ज्या रोगाने धमनीला कवेत घेतले, तो बहुधा इतरत्रही पसरण्याच्या बेतात असतो. धमनी कापून तिथे कलम बसवता येते, पण एवढी जोखीम घेऊनही रोग उलटण्याची भीती राहतेच. म्हणूनच हा निर्णय सर्जन एकटा घेत नाही. ट्यूमर बोर्डात रेडिऑलॉजिस्ट, रेडिएशनचे आणि केमोचे डॉक्टर सोबत बसतात. कधी केमो-रेडिएशन योग्य ठरते, कधी आधी केमो देऊन गाठ किती आक्रसते ते पाहतात, तर कधी वेदना आवरणे हाच उपचार असतो.

नातेवाइकांनी म्हणून ‘ऑपरेशन होईल का?’ एवढ्यावर थांबू नये. धमनीपासून गाठ पूर्ण सुटण्याची शक्यता किती, न सुटल्यास टेबलावर काय करणार, पक्षाघाताचा धोका किती आणि ऑपरेशन न करता काय मिळेल, हे चार प्रश्न आधी विचारावेत. धमनी सुटली नाही तर काय, याचे उत्तर भूल देण्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे. स्कॅन काढायचा तो त्यासाठीच.