आकडे उतरले, तिप्पट कायम

गरीब कोणाला म्हणायचे हे आधी ठरवल्याशिवाय गरिबांची मुले जास्त दगावतात हे सिद्ध करता येत नाही. गेली काही दशके भारतातले आरोग्य संशोधन या अडचणीतून वाट काढत आले आहे.

मेडिकल कॉलेजांतले संशोधक प्रसाद यांची 1961ची किंवा कुप्पुस्वामी यांची 1976ची सामाजिक-आर्थिक स्तराची मापनपट्टी वापरत आले. दोन्हींत उत्पन्न विचारावे लागते. महागाईमुळे रुपयांचे टप्पे जुने होतात, पण ते हिशेबाने दुरुस्त करता येतात. खरी पंचाईत वेगळीच आहे. ज्या घरात एकाला रोजंदारी, दुसऱ्याला फक्त हंगामात काम आणि निम्मे धान्य घरच्या शेतातले, त्या घराने महिन्याचे उत्पन्न सांगायचे तरी काय? उत्पन्नाऐवजी खर्च विचारावा, तर मिठापासून औषधापर्यंत लांबलचक यादी होते. बाळंतपण आणि लसीकरणाची माहिती घ्यायला आलेल्या ताईंना तेवढी सवड नसते आणि घरच्या बाईलाही नसते.

1992-93मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पहिली फेरी झाली. तिचे काम मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे होते. प्रश्नावलीत घर कच्चे की पक्के, पाणी कुठले, संडास आहे का, सायकल, रेडिओ, शिलाई मशीन आहे का, असे साधे प्रश्न होते. अशा प्रश्नांना हो-नाहीत उत्तर देता येते आणि बरेचसे डोळ्यांनाही दिसते.

1998-99च्या दुसऱ्या फेरीत या उत्तरांना गुण देऊन राहणीमानाचा निर्देशांक काढला गेला. त्याची रीत एका नमुन्याच्या घरावर पाहू. घर अर्धेपक्के: 2 गुण. स्वतःच्या मालकीचे: 2. वीज: 2. सार्वजनिक नळ: 1. जनावरे: 2. सायकल: 2. खाट आणि घड्याळ: प्रत्येकी 1. जमीन, संडास, वेगळे स्वयंपाकघर यांतले काही नाही आणि चूल लाकडांची, म्हणून तिथे शून्य. बेरीज 13. चौदापर्यंत राहणीमान ‘कमी’. याच घरात एक रेडिओ आला की 2 गुण वाढतात, बेरीज 15 होते आणि घर ‘मध्यम’ गटात जाते. रेडिओला दोन आणि कारला चार, हे गुण तज्ज्ञांनी आपल्या अंदाजाने ठरवलेले होते.

त्याच सुमारास डीऑन फिल्मर आणि लँट प्रिचेट या अर्थतज्ज्ञांनी पहिल्या फेरीची माहिती हाताळून वेगळा मार्ग काढला. वस्तू घरात एकमेकींच्या सोबतीने येतात. फ्रीज असलेल्या घरात पंखा बहुधा असतोच. कोणत्या वस्तूला किती वजन द्यायचे हे या सोबतीवरून संख्याशास्त्रानेच ठरवावे, असे त्यांनी मांडले. 2001मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचा विषय शाळाप्रवेश होता. सर्वांत सुखवस्तू पाचव्या हिश्श्यातल्या आणि गरीब घरांतल्या मुलांच्या पटनोंदणीतले अंतर केरळमध्ये 4.6 टक्के बिंदू, तर बिहारमध्ये 42.6 निघाले. देशाच्या सरासरीत हे कधीच दिसले नसते. भारतीय घरांतल्या उत्तरांवर पारखलेली ही रीत पुढे जगभरच्या आरोग्य सर्वेक्षणांत रुजली. 2005-06च्या तिसऱ्या फेरीत आपल्याकडेही 33 बाबींचा संपत्ती निर्देशांक आला आणि लोकसंख्येचे पाच समान गट, म्हणजे पंचमांश, झाले.

या मापाच्या मर्यादा गंभीर आहेत. नळ, वीज, टीव्ही असलेली मुंबईच्या झोपडपट्टीतली दहा बाय दहाची खोली देशाच्या क्रमवारीत वर जाते, तर गोठा आणि शेत असलेले खेड्यातले घर खाली राहते. तिसऱ्या फेरीत मुंबई आणि नागपूरसह आठ शहरांतल्या झोपडपट्ट्यांची आकडेवारी वेगळी काढली गेली, ती म्हणूनच मोलाची. दुसरी मर्यादा अशी, की संडास आणि शुद्ध पाणी ही संपत्तीची खूण आहे आणि जुलाब रोखण्याचे साधनही. त्यामुळे मूल गरिबीने आजारी पडले की पाण्याने, हे या निर्देशांकातून सुटे करता येत नाही. शिवाय पंचमांश सापेक्ष असतात. देश कितीही सुधारला तरी तळाचे वीस टक्के उरतातच आणि ते राहतात कसे, हे गटाच्या नावावरून कळत नाही.

तरीही या मापाने जे दाखवले ते दुसऱ्या कशाने दिसले नसते. तिसऱ्या फेरीत दर हजार जन्मांमागे पाच वर्षांच्या आतले बालमृत्यू तळाच्या गटात सुमारे 100 आणि वरच्या गटात सुमारे 34 होते. 2015-16मध्ये ते अनुक्रमे 72 आणि 23 झाले, तर 2019-21मध्ये 59 आणि 20. दोन्हीकडे मृत्यू घटले, हे मोठेच यश. पण तिन्ही वेळा तळाचा आकडा वरच्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. सर्वांत गरीब घरांतल्या मुलांनी 2019-21मध्ये गाठलेली पातळी 2005-06मध्ये सर्वांत सुखवस्तू घरांनी गाठलेल्या पातळीपेक्षाही मागे होती.

म्हणून वस्तूंचे हे प्रश्न पुढच्या प्रत्येक फेरीत राहिलेच पाहिजेत. मोबाइल जवळपास घरोघरी पोचला आहे, तेव्हा गरीब-श्रीमंत वेगळे दाखवायला तो आता फारसा उपयोगी नाही. कोणत्या वस्तू विचारायच्या, ती यादी वेळोवेळी ताजी करावी लागेल. आणि बालमृत्यू किती घटले हे जाहीर करताना, सर्वांत गरीब आणि सर्वांत श्रीमंत गटातली ही तिप्पट मोडली का, याचेही उत्तर सरकारने प्रत्येक वेळी दिले पाहिजे.